बॅटरीने सांगितलेले सिनेमे

आंधळ्या माणसाला सिनेमा कशाला हवा, असं विचारणाऱ्यांची खुर्चीवाल्याला मनापासून चीड होती. अरे, डोळे गेले ते लहानपणी, तापात. कान शाबूत होते, डोकं शाबूत होतं, आणि तिकिटापुरते पैसे तो स्वतःच्या दहा बोटांनी कमवत होता. मग लोकांच्या पोटात का दुखावं?

वेताच्या खुर्च्या विणणं हा त्याचा धंदा. बाजाराच्या रस्त्यावर एका दाराचं दुकान, बाहेर फाटक्या बैठकीच्या खुर्च्यांची रास, आत टबात भिजत घातलेल्या वेताच्या पट्ट्या. पट्टी भिजून मऊ झाली की चौकटीच्या भोकांतून ओवायची, खुंटी ठोकून ताणून धरायची, आधी उभी, मग आडवी, मग तिरपी. शेवटी तळहाताने थाप मारायची. बैठक खणखणीत वाजली तर ठीक, नाहीतर तो सगळं उसवून पुन्हा बसायचा. गिऱ्हाईक दारात उभं राहून कितीही चुळबुळ करो, तो ढिम्म हलायचा नाही. आणि शनिवारी दुपारी मात्र दुकानाला कुलूप ठोकून, काठी टेकत टेकत थेटरात.

पूर्वीचे सिनेमे त्याच्या सोयीचेच होते. सगळे भडाभडा बोलायचे. नायक घरात शिरला की ‘आई, मी आलो’ म्हणायचा. आई म्हणायची, ‘आलास बाळा? कपाळाला हे रक्त कसलं?’ मरणारा माणूस तर कुणी मारलं, का मारलं, दागिने कुठे पुरलेत, हे सगळं सविस्तर सांगितल्याशिवाय जीव सोडायचा नाही. शिकलेली माणसं हसायची अशा सिनेमांना. हसू देत. खुर्चीवाल्याला त्यातलं इंचभरही चुकायचं नाही.

मग सिनेमावाल्यांना काय झालं कोण जाणे. त्यांची एकदम दातखीळ बसली. नायक बोलेनासा झाला. नायिका बोलेनाशी झाली. नुसते बूट वाजायचे, दार करकरायचं, कुठेतरी पाणी ठिबकायचं, आणि मग छातीत धडकी भरवणारं संगीत. अर्धा अर्धा तास कुणी शब्द म्हणून उच्चारायचं नाही. लोक म्हणायचे, काय सुंदर सिनेमा आहे, डोळ्यांनीच बोलतात सगळे. डोळ्यांनी बोलतात तर बोलोत बापडे, पण ज्याच्याकडे डोळेच नाहीत त्याने काय ऐकावं?

अशाच एका मुक्या सिनेमात खुर्चीवाला शेवटच्या रांगेत कडेला बसून वैतागाने पुटपुटत होता, तेव्हा शेजारच्या दारातून हळूच आवाज आला, “जिन्यात आहे तो. हातात सुरा आहे. पण वर जाऊ की नको, असं चाललंय त्याचं.”

तो आवाज डोअरकीपरचा. तिकिटं फाडायची आणि अंधारात टॉर्च मारून लोकांना जागेवर बसवायचं, हे त्याचं काम. सगळं गाव त्याला बॅटरी म्हणायचं. दाराशी त्याचं लोखंडी स्टूल होतं. त्या दिवसापासून ते स्टूल शेवटच्या रांगेला चिकटलं ते चिकटलंच. सिनेमा सुरू झाला की बॅटरी त्याच्या कानाशी तोंड नेऊन बोलायला लागायचा. आणि सांगायचाही काय झकास. ‘बाई खिडकीत आलीय. रडत नाहीये, पण रडून आलीय.’ एवढं म्हटलं की खुर्चीवाल्याला बाईही दिसायची आणि खिडकीही. त्याला जागेवर नेतानाही बॅटरी पायाशी टॉर्च मारायचा. खुर्चीवाला म्हणायचा, माझ्यासाठी सेल कशाला जाळतोस? त्यावर बॅटरी म्हणायचा, तुझ्यासाठी नाही रे, मी धडपडीन म्हणून.

वीसेक वर्षं हे चाललं. सिनेमे जितके गप्प होत गेले, तितका बॅटरी बोलका होत गेला. दोघं अरे-तुरेवर आले. तरी गंमत बघा, दोघं कधी एकमेकांच्या घरी गेले नव्हते. बाजाराच्या रस्त्याच्या या अंगाला खुर्चीवाल्याचे लोक राहायचे, त्या अंगाला बॅटरीचे. धर्म वेगळे, प्रार्थना वेगळ्या, पोरांच्या शाळासुद्धा वेगळ्या. भांडण असं काही नव्हतं. फक्त मधला रस्ता ओलांडायचा तो भाजी घ्यायला आणि फाटकी खुर्ची द्यायला. बाकी बोलण्यासारखं काय आहे, असं दोन्हीकडच्यांना वाटायचं. हे दोघंही बोलायचे ते सिनेमाबद्दलच. एकदा बॅटरीच्या आईची खुर्ची विणून झाली, ती खुर्चीवाल्याच्या पोराने नेऊन दिली. घरोबा म्हणाल तर एवढाच.

शनिवारचा सिनेमा खुर्चीवाला सोमवारी दुकानात बसून सांगायचा. समोर दोन-चार माणसं असायचीच, बहुतेक आपल्याच अंगाची. हा रंगात येऊन सांगायचा, खलनायक कसला बेरकी होता, करड्या कोटातला, दोन्ही हातांत हातमोजे. माणसं ऐकायची. कुणी खोकायचं, कुणी ‘अच्छा’ म्हणायचं, कुणी विषय बदलून पावसापाण्याचं काढायचं. खुर्चीवाल्याला वाटायचं, या लोकांना सिनेमातलं काडीचं कळत नाही.

आणि मग गावात ते झालं. कुणाच्या तरी फोनवर कुणीतरी काहीतरी पाठवलं, ते खरं होतं की खोटं हे आजतागायत कुणाला ठाऊक नाही, पण भरदुपारी दगड पडायला लागले. खुर्चीवाल्याचा पोरगा मालाचा टेम्पो चालवायचा. नेमका तो त्या अंगाला पोती उतरवत होता. टेम्पो अडवला, काच फोडली, तो उडी टाकून गल्लीत पळाला. गल्लीतली दारं त्याने बडवली. एक उघडेल तर शपथ. शेवटी गल्लीच्या तोंडावरच गाठला त्याला. जीव वाचला, पण उजवं मनगट मोडलं ते वाकडंच जुळलं. आता गिअर टाकताना त्याला दुसरा हात मदतीला घ्यावा लागतो.

दवाखान्यात पोरगा बापाला म्हणाला होता, “तुमच्या मित्राचंही दार वाजवलं मी. घर माहीत होतं ना, खुर्चीमुळे.”

खुर्चीवाला लगेच म्हणाला, “तो ड्युटीवर असणार. दुपारचा खेळ असतो.”

“असेल,” पोरगा म्हणाला, आणि कूस बदलून पडून राहिला.

‘ड्युटीवर असणार’ या एका वाक्यावर खुर्चीवाल्याने दिवस काढले. बायको म्हणायची, तुमचा तो मित्र एकदाही विचारायला आला नाही. हा म्हणायचा, कसा येईल, रस्ता ओलांडायची सोय राहिलीय का? तेही खरंच होतं. फाटक्या खुर्च्या त्या अंगाकडून यायच्या बंद झाल्या होत्या. भाजीवाली आपल्या अंगाची झाली, न्हावी आपल्या अंगाचा झाला. सरकारी माणसाने शांतता समिती नेमली. दोन्हीकडची मोठी माणसं एका हॉलमध्ये समोरासमोर बसली, चहा प्याली, फोटो काढून घेतला आणि एकमेकांशी चकार शब्द न बोलता घरी गेली. शांतता मात्र भरपूर राखली हो त्यांनी.

थेटर उघडल्यावर पहिल्याच शनिवारी खुर्चीवाला गेला. बॅटरीने हात धरून जागेवर बसवलं. हात गार होता. पोराचं काही विचारलं नाही. खुर्चीवाल्याला वाटलं, नंतर विचारेल. सिनेमा सुरू झाला, बॅटरी स्टुलावरून सांगू लागला, पण त्याचं लक्ष नव्हतं, मधूनच वाक्य सोडून द्यायचा. मध्यंतरात कुणीतरी येऊन दरडावलं, तुम्ही दोघं अंधारात काय कुजबुजता? मॅनेजरने बॅटरीला आत बोलावलं. पुढच्या शनिवारी बॅटरी घाईघाईने म्हणाला, माझी ड्युटी वरच्या बाल्कनीला लावलीय, आणि गेला. खुर्चीवाल्याने अख्खा सिनेमा एकट्याने ऐकला. बूट, दार, पाणी, संगीत. कोण मेलं तेसुद्धा कळलं नाही. त्यानंतर त्याने थेटराची पायरी चढायची सोडली.

काही महिने गेले. घरात त्याचा स्वभाव असा काही आंबट झाला की बायको कातावली. तिला सिनेमाचं वेड कधीच नव्हतं. पण एका शनिवारी तिने चपला घातल्या आणि म्हणाली, “चला, मी सांगते तुम्हाला तुमचा सिनेमा. त्यात काय मोठंसं.”

मोठंसं होतं, हे तिला थोड्याच वेळात कळलं.

“तो खिडकीत उभाय,” बायको म्हणाली.

“मग?”

“मग काय? उभाय. अजून उभाय. मेला हलत नाही. आता बघतोय.”

“कुणाकडे?”

“मला काय माहीत? माझ्याकडे नाही, एवढं नक्की.”

खुर्चीवाल्याला हसू आवरेना. किती दिवसांनी हसत होता तो. पुढच्या रांगेतून कुणीतरी श्‍शू केलं. मग संगीत बदललं, जड पावलं ऐकू आली, आणि बायकोचा आवाज उतरला. ती म्हणाली, आला तुमचा खलनायक. कसा आहे, यानं विचारलं.

“आपल्यातला आहे,” ती म्हणाली.

“बोलला कुठे तो? तुला कसं कळलं?”

“बोलायला कशाला हवं? कपडे आपल्यासारखे. गळ्यात आपलंच. आता सुऱ्याला धार लावतोय, आणि आता... प्रार्थनेला बसला. आपण बसतो तसाच.”

खुर्चीवाला म्हणाला, असेल एखादा सिनेमा तसा. त्यावर बायको म्हणाली, एखादा कसला, हल्ली सगळेच तसे असतात म्हणे. भिंतीवरच्या पोस्टरवरही तेच असतं. तुम्हाला बॅटरीने सांगितलं नाही कधी?

नाही. कधीच नाही. करडा कोट सांगितला होता, हातमोजे सांगितले होते, गालावरचा व्रण सांगितला होता. वीस वर्षांतले सगळे खलनायक खुर्चीवाल्याच्या डोक्यात रांगेने उभे होते, आणि त्यातला एकही आपल्यातला नव्हता. घरी येऊन त्याने पोराला विचारलं, तुला माहीत होतं? पोरगा म्हणाला, सगळ्यांनाच माहीत आहे, बाबा. दुकानातल्या लोकांना पण. तुम्ही इतक्या आवडीने सांगायचात, मग कोण कशाला बोलणार?

आता सोमवारची ती खोकणारी, विषय बदलणारी माणसं त्याला आठवली, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्यांनी मिळून त्याला सांभाळून घेतलं होतं. जिवापाड प्रेम करणाऱ्यांनी आणि जेमतेम ओळखीच्यांनीही. त्याला राग आला तो बॅटरीचा. मग रागाच्या खालून दुसरंच काहीतरी वर यायचं, की यात बॅटरीचं काय चुकलं? माझ्या मायेपोटीच केलं ना? मग पुन्हा राग. दोन दिवस त्याने एकच खुर्ची विणली आणि उसवली. हात मारला की वाजायचीच नाही.

मंगळवारी तो बायकोला घेऊन थेटराकडे निघाला. सिनेमा बघायला नव्हे. पहिला खेळ सुटल्यावर बॅटरी मागच्या अंगाच्या जिन्यावर बसून डबा खातो, हे त्याला माहीत होतं. बायकोला त्याने फाटकाशी थांबायला सांगितलं. ती म्हणाली, सांभाळून बोला, लोक बघतायत. बघू देत, तो म्हणाला, आणि काठीने पायरी शोधत गेला.

डब्याचं झाकण वाजायचं थांबलं.

“ये. बस,” बॅटरी म्हणाला.

खुर्चीवाला बसला नाही. इकडचं तिकडचं बोलायचं त्याच्या जिवावर आलं होतं. त्याने सरळ विचारलं, माझ्या लोकांचे कपडे घातलेल्या माणसाला तू करडा कोट का घातलास?

बॅटरीने डब्याचं झाकण लावून टाकलं. मग सांगू लागला. पहिल्यांदा असा सिनेमा आला, तेव्हा ओठांवर आलेलं त्याने गिळलं. तुला वाईट वाटलं असतं, तो म्हणाला, आणि तू यायचा थांबला असतास. पूर्वीसारखे बोलके सिनेमे असते तर जमलंच नसतं, तुझ्या कानांनी तुला सांगितलं असतं. पण हे सगळे मुके. पडद्यावर कुणी काही बोलतच नव्हतं, त्यामुळे मला मोकळं रान मिळालं. एकदा कोट घातला, मग दर वेळी घालावा लागला. कधी कधी तर आधीच्या रात्री विचार करून ठेवायचो, उद्याच्याला काय नेसवू.

खुर्चीवाला खाली बसला. त्याचा राग अर्धा ओसरला होता. हा माणूस आपल्यासाठी वीस वर्षं अंधारात कपडे शिवत बसला, असं त्याच्या मनात आलं. तो म्हणाला, वेडा आहेस तू. मला सांगितलं असतंस तर मी शिव्या घातल्या असत्या त्या सिनेमावाल्याला, आणि पुढच्या शनिवारी परत आलो असतो. निदान बोललो तरी असतो आपण त्यावर. वीस वर्षांत दुसऱ्या कशावर बोललोच नाही.

“थांब,” बॅटरी म्हणाला. “अजून आहे.”

त्याचा आवाज सिनेमा सांगतानाचा नव्हता. सपाट होता.

“तुला मी कोट सांगायचो. पण मला तर तेच दिसायचं ना, जे होतं ते. तू आठवड्यातून एकदा ऐकायचास. मी रोज चार खेळ बघतो. रोज चार वेळा तुझ्यासारखे कपडे, आणि हातात सुरा. पहिल्यांदा हसलो होतो मी. म्हटलं, काय दाखवतात, माझा मित्र असा आहे का? मग हसायचा थांबलो. कधी थांबलो ते माझं मलाच कळलं नाही.”

खुर्चीवाला काठीची मूठ घट्ट धरून ऐकत होता.

“त्या दिवशी दुपारचा खेळ झालाच नाही. पोलिसांनी आधीच थेटर बंद करायला लावलं होतं. मी घरीच होतो.”

फाटकापाशी कुणीतरी बायकोशी काहीतरी बोललं, तिने काहीतरी उत्तर दिलं. खुर्चीवाल्याला त्यातलं काहीच ऐकू आलं नाही.

“दाराच्या फटीतून बघितलं मी. तुझ्या पोराला मी ओळखतो. आईची खुर्ची त्यानेच आणली होती, तिने त्याला पाणी दिलं होतं. पण त्या वेळी मला तो दिसलाच नाही. कपडे दिसले. कडी हातात होती माझ्या. तो ‘काका’ म्हणत होता, आणि मी कडी धरून उभा राहिलो, ती उघडायला नाही, वाजू नये म्हणून.”

खुर्चीवाल्याला वाटलं, उठावं आणि या माणसाच्या तोंडावर काठी हाणावी. त्याला असंही वाटलं, की आत्ता उठून गेलं तर बरं, कारण गेलं की हे ऐकलंच नाही असं धरून चालता येईल, पुन्हा ड्युटीवर असेल म्हणता येईल. पोराने ते कधीच ओळखलं होतं. म्हणून तर ‘असेल’ म्हणून कूस बदलली त्याने. बापाला आणखी एक करडा कोट, दुसरं काय.

तो उठला नाही. वर थेटरात झाडूवाला खुर्च्या आपटत होता.

“मी आलो असतो तर?” खुर्चीवाल्याने विचारलं. “पोरगा नाही, मी. त्या दिवशी तुझं दार मी बडवलं असतं तर? किंवा उद्या पुन्हा तसं झालं, आणि मी आलो, तर उघडशील?”

उत्तर आलं नाही. बॅटरीचा श्वास ऐकू येत होता, डबा त्याने मांडीवरून खाली ठेवल्याचं ऐकू आलं.

“तू मान हलवलीस, की डोळे पुसलेस, की तोंड फिरवलंस, मला दिसत नाही,” खुर्चीवाला म्हणाला. “तोंडाने सांग.”

“काय सांगू?”

“कोट घालू नकोस. आहे तसं सांग.”

पहिली घंटा झाली. पुढच्या खेळाची माणसं फाटकातून आत यायला लागली. दोन्ही अंगांची होती. वेगवेगळ्या घोळक्यांनी बोलत येत होती, जिन्यापाशी आली की गप्प होत होती. बॅटरीला दारावर जायला हवं होतं. तो उभा राहिला, आणि तिथेच राहिला.

“माहीत नाही,” बॅटरी म्हणाला. “उघडीन म्हणालो तर तुला बरं वाटेल. पण खरंच माहीत नाही मला.”

खुर्चीवाला काठी टेकून उठला, पायरी चाचपली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

“मग मी उद्या येतो, आणि हेच परत विचारतो.”